सहा नंबरची खोली

आमच्या बाळकुममध्ये 'हॉटेल' या शब्दाचा अर्थ सरळ आहे. जिथे चहा, वडा, भजी, मिसळ मिळते ते हॉटेल. माणूस हॉटेलात बसतो, खातो, पैसे देतो आणि उठतो. तिथे कोणी झोपत नाही. झोपायला आपले घर असते आणि परगावी गेलो तर नातेवाइकांचे घर असते. म्हणून मी बाबांना म्हणालो, "बाझेलला आपण एका लहानशा हॉटेलात राहणार आहोत," तेव्हा त्यांनी विचारले, "बारा दिवस हॉटेलात? मग झोपायचे कुठे?"

खरे पाहता मुक्कामाच्या जागेसाठी आपल्याकडे शब्दांची कमतरता कधीच नव्हती. धर्मशाळा होती, सराई होती, मुसाफिरखाना होता. 'मुक्काम' हा शब्द तर मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे चालतो. उर्दूत पाहुण्याचे स्वागत करणाऱ्या यजमानाला 'मेजबान' म्हणतात. मराठीने त्याच घरातला शब्द घेतला, त्याची 'मेजवानी' केली आणि अर्थ दिला भरपेट जेवणाचा! मला यात आपल्या माणसांचा स्वभाव दिसतो. बाळकुमच्या जुन्या घरांत पाहुणा ओटीवर टेकला, की आधी पाण्याचा तांब्या पुढे येई आणि लगेच चुलीवर भाताचे आधण चढे. "जेवणार का?" असे पाहुण्याला विचारणे कमीपणाचे समजत. जेवणार नाही तर काय करणार?

अशा घरात वाढलेले माझे बाबा वयाच्या शहात्तराव्या वर्षी युरोपात जायला निघाले, त्यालाही तसेच कारण होते.

बाबा १९६८ साली कोलशेत रस्त्यावरच्या सँडोझच्या कारखान्यात नोकरीला लागले. ही कंपनी मूळची स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातली. आल्फ्रेड केर्न आणि एडवर्ड सँडोझ या दोघांनी १८८६ साली तिथे रंग तयार करण्याचा कारखाना काढला होता. ठाण्याच्या कारखान्यामुळे आसपासच्या भागाच्या टपालाच्या पत्त्यातसुद्धा 'सँडोझ बाग' हे नाव आले. पुढे १९९५ साली रंग-रसायनांचा विभाग वेगळा होऊन त्याची क्लॅरियंट ही कंपनी झाली. आमच्या घरात मात्र 'सँडोझ' हेच नाव टिकले. बाबा तिथल्या प्रयोगशाळेत रंग जुळवण्याचे काम करीत. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा पाठवला, की नेमकी तीच छटा तयार करून द्यायची. हे काम वरवर सोपे वाटते, पण ते डोळ्यांची परीक्षा घेणारे आहे. अधूनमधून बाझेलहून साहेब येत. बाबा संध्याकाळी घरी येऊन सांगत, "आज बाझेलचे साहेब आले होते." हा शब्द माझ्या कानावर इतक्या वेळा पडला होता, की लहानपणी मला बाझेल हे मुंब्र्याच्या पलीकडचे एखादे गाव वाटे.

बाबा २००० साली निवृत्त झाले. २०१७ साली आई गेली. त्यानंतर बाबांचे बोलणे हळूहळू बंद झाले. ते रागावलेले नव्हते, आजारीही नव्हते. विचारले तर उत्तर देत, पण 'हो', 'नाही', 'राहू दे' एवढेच. सकाळी उठून बाळकुम नाक्यापर्यंत जाऊन येत, वर्तमानपत्र वाचत आणि दिवसभर खिडकीशी बसून राहत. घरात आम्ही पाच माणसे होतो, तरी ते एकटेच राहत असावेत असे वाटे.

मी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंगांच्या कामातच होतो. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मला बारा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी बाझेलला जावे लागणार होते. एका रात्री जेवताना मी सहज विचारले, "बाबा, तुम्ही येता का?" मला 'राहू दे' हे उत्तर अपेक्षित होते. बाबांनी भाताचा घास खाली ठेवला आणि म्हणाले, "माझ्या तिकिटाचे पैसे मी देईन."

मोठ्या हॉटेलांचे भाडे आम्हांला परवडण्याजोगे नव्हते. शोधता शोधता ऱ्हाईन नदीच्या उजव्या काठावर, गल्लीच्या टोकाशी, नऊ खोल्यांचे एक हॉटेल सापडले. एक वृद्ध बाई आणि त्यांचा मुलगा मिळून ते चालवीत. व्हिसासाठी मुक्कामाचे पत्र लागते. ते त्यांनी पाठवले आणि त्याखाली शाईने एक ओळ लिहिली होती : 'रात्री उशीर झाला तरी काळजी करू नका.' छापील पत्रात एवढी एकच ओळ हाताने लिहिलेली होती. बाबांनी ते पत्र पासपोर्टमध्ये घडी करून ठेवले.

आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. गल्लीत चिटपाखरूही नव्हते. दाराला कुलूप. दाराजवळच्या भिंतीत एक लहानशी लोखंडी पेटी होती आणि तिचा आकडा आम्हांला आधी कळवलेला होता. पेटीत एक पाकीट, पाकिटावर आमचे आडनाव आणि आत पितळेच्या जाड बिल्ल्याला अडकवलेली किल्ली. बिल्ल्यावर ६ हा आकडा कोरलेला. बाबा बराच वेळ त्या किल्लीकडे पाहत राहिले. "तोंड पाहिले नाही, पैसे घेतले नाहीत, आणि घराची किल्ली बाहेर ठेवून झोपली ही बाई?" एवढे लांब वाक्य त्यांनी कित्येक महिन्यांत उच्चारले नव्हते.

आत लाकडी जिना होता. बाबांनी खाली बूट काढले, हातात घेतले आणि मोज्यांवर वर चढले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो, तर सहा नंबरच्या दाराशी एक पायपुसणे आणि लोकरीच्या सपातांचे दोन जोड ठेवलेले! इतर कोणत्याही दाराशी ते नव्हते. कोणी काही विचारले नाही, कोणी काही सांगितले नाही.

मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. उंच, हडकुळ्या, केस पांढरेशुभ्र. बाबांना त्या 'हेर' म्हणून आडनावाने हाक मारीत. हेर म्हणजे आपले 'श्रीयुत'. त्यांची बोली जर्मन, पण इंग्रजीही त्या चांगली बोलत. बाबांना कारखान्यातले कामापुरते इंग्रजी येत होते. बाझेलमध्ये आभार मानताना 'मेर्सी' म्हणतात आणि निरोप घेताना 'आदिए'. हे दोन्ही शब्द फ्रेंचांकडून आलेले. तिथे फ्रान्स आणि जर्मनी या दोन्ही देशांच्या सीमा शहराला लागून आहेत. ट्रॅममध्ये बसून माणूस परदेशात जातो आणि जेवणाच्या वेळेला परत येतो. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांना शहरातल्या ट्रॅमचा प्रवास फुकट असतो, हे कळल्यावर बाबा रोज हिरव्या ट्रॅममध्ये बसू लागले. मी प्रशिक्षणाला जाई आणि ते शहर पाहत. रात्री मला ते ट्रॅमच्या मार्गांचे क्रमांक सांगत.

सकाळचा नाश्ता खालच्या लहान खोलीत असे. चार मेजे, पांढरी कापडे, पाव, लोणी, चीज, मध, उकडलेली अंडी. पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी बाबांपुढे गरम पाण्याचा पेला आणि चहाची पुडी ठेवली. बाबांनी पुडी पाण्यात बुडवली, वर काढली, तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा बुडवली. त्यांचा चेहरा पाहून बाई हसल्या आणि स्वयंपाकघराचे दार उघडून त्यांनी हाताने 'या' अशी खूण केली. बाबांनी एका पातेल्यात पाणी, दूध, साखर आणि तीन पुड्या फाडून टाकल्या, चांगली उकळी आणली आणि गाळून चहा दिला. बाईंनी एक घोट घेतला. मग काही न बोलता दुसरा घेतला. त्या दिवसापासून नाश्त्याच्या वेळी बाबांचे पातेले ठरलेले झाले. पलीकडच्या मेजावर एक डच जोडपे बसे. त्यांनीही तो चहा मागितला. आमच्याजवळच्या लसणाच्या चटणीने मात्र बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. तरी तिसऱ्या दिवशी त्यांनी ती चीजबरोबर पुन्हा मागून घेतली, हे विशेष.

नाश्त्याच्या मेजावरच आम्हांला बाझेलच्या गोष्टी कळल्या. त्यांतली एक मला फार आवडली. पूर्वी बाझेलची घड्याळे आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या एक तास पुढे असत. शेजारच्या गावात अकरा वाजले, की बाझेलमध्ये बारा. शतकानुशतके असे चालले होते आणि १७९८ साली ते बंद झाले. बाबा म्हणाले, "म्हणजे इथल्या माणसाची गाडी कधी चुकत नसेल." मी म्हणालो, "बाबा, तेव्हा आगगाड्याच नव्हत्या." बाबा म्हणाले, "म्हणून तर चुकत नसेल."

बाबांनी विनोद केला होता. मी घाईघाईने त्याचे इंग्रजी केले, पण तो बाईंपर्यंत नीट पोहोचला की नाही कोण जाणे!

एका रविवारी आम्ही नदी ओलांडायला नावेत बसलो. ऱ्हाईन नदी शहराच्या मधून वाहते. पलीकडच्या उंच काठावर तांबड्या दगडाचे मोठे चर्च आहे. पूल पुष्कळ आहेत, तरी चार ठिकाणी जुन्या पद्धतीच्या नावा चालतात. त्या नावांना यंत्र नाही, शीड नाही, वल्हीही नाहीत. मला ते कोडेच वाटले. नदीवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत उंच तार ताणलेली असते. तारेवर एक कप्पी फिरते आणि कप्पीला लांब दोराने नाव बांधलेली असते. नावाडी नावेचे तोंड प्रवाहाशी थोडे तिरपे करतो. पाणी नावेच्या अंगावर आपटते, नाव खाली वाहून जायला पाहते, पण दोर तिला अडवतो. मग ती बाजूला सरकू लागते आणि पाहता पाहता पलीकडच्या काठाला लागते. परत येताना तिरपेपणा उलटा करायचा. आवाज नाही, धूर नाही. वाहत्या पाण्याने वाहत्या पाण्यातून पार नेणे, एवढीच ती युक्ती.

हे मला नावाड्याने समजावून सांगितले नाही. बाबांनी सांगितले. नाव काठापासून सुटली, तेव्हाच त्यांनी वर तारेकडे आणि खाली पाण्याकडे पाहिले होते. बाळकुमच्या खाडीत त्यांचे लहानपण गेले. भरती-ओहोटीच्या जोरावर होडी कशी घालायची, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. ते अंगात होते. "आपल्याकडे हे चालणार नाही," ते म्हणाले, "आपल्या खाडीचे पाणी दिवसात दोनदा तोंड फिरवते. इथले पाणी एकाच दिशेने जाते. म्हणून जमते." नावाड्याला ते काय म्हणतात हे मी सांगितले, तेव्हा त्याने बाबांना बोलावून आपल्या जागेवर बसवले. त्या दिवशी आम्ही पाच वेळा नदी ओलांडली. प्रत्येक वेळी पैसे द्यावे लागले, ही गोष्ट वेगळी.

त्याच रात्री बाबांना ताप आला. नदीवरचा गार वारा बाधला असावा. मी औषध दिले, पण रात्री दीडच्या सुमारास त्यांना थंडी भरली. जिन्यात माझ्या पावलांचा आवाज ऐकून मालकीणबाई उठल्या. त्यांनी डॉक्टरांना फोन करून विचारले. मग रबराची गरम पाण्याची पिशवी आणली आणि वाळवलेल्या लिंडेन फुलांचा काढा मध घालून दिला. बाबांच्या अंगावर हॉटेलचे जाड पांघरूण होते, पण त्यांनी ते बाजूला सारले होते आणि आपली गोधडी घट्ट ओढून घेतली होती.

या गोधडीविषयी सांगायला हवे. ती आईने शिवलेली होती, स्वतःच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची. आई गेल्यापासून बाबा तिच्याशिवाय झोपत नसत. विमानातही त्यांनी ती हातपिशवीत घेतली होती. घरात तिला कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. माझ्या बायकोने ती दोनदा धुवायला मागितली आणि दोनदा 'राहू दे' हे उत्तर मिळाले. तिच्या एका बाजूची किनार उसवली होती आणि आतले थर दिसू लागले होते. बाईंनी काढा देताना ती उसवलेली किनार पाहिली. त्यांनी बोटाने तिच्यावरून हात फिरवला. मी दचकलो. बाबांनी डोळे मिटलेले होते. ते काही बोलले नाहीत.

दोन दिवसांनी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रशिक्षणाहून परतलो, तर नाश्त्याच्या खोलीत मेजावर गोधडी पसरलेली! बाजूला दोऱ्यांची पत्र्याची पेटी. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला बाबा. दोघांच्या मध्ये तांबड्या दोऱ्याची आठ-नऊ रिळे मांडलेली होती. बाई एक रीळ उचलून किनारीवर ठेवीत आणि बाबा मान हलवून 'नाही' म्हणत. शेवटी बाईंनी एक रीळ ठेवले. मला ते अगदी हुबेहूब वाटले. बाईंनाही वाटले. बाबांनी ते रीळ आणि गोधडी उचलून खिडकीशी नेली. सूर्य मावळत होता. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, उद्या सकाळी."

मी कारण सांगितले. विजेच्या दिव्याखाली दोन रंग एकसारखे दिसतात आणि दिवसाच्या उजेडात आणले की वेगळे पडतात. कारण दिव्याच्या प्रकाशात आणि सूर्याच्या प्रकाशात रंगांचे प्रमाण सारखे नसते. संध्याकाळचे ऊन पिवळे-तांबडे असते, तेही फसवते. म्हणून रंग जुळवणारे लोक उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड पसंत करतात. त्यात थेट ऊन नसते. बाबांनी बत्तीस वर्षे हेच केले होते. बाई माझे बोलणे ऐकत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "हे मला माझा नवरा सांगत असे."

त्यांचे यजमान बाझेलमधल्या एका रंगाच्या कारखान्यात होते. यात फार आश्चर्य करण्यासारखे नाही. बाझेलमध्ये पूर्वी रेशमी फिती विणण्याचा मोठा धंदा होता. फितींना रंग लागतो. १८५६ साली इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन याने डांबरातल्या पदार्थांपासून जांभळा रंग शोधून काढला आणि तीनच वर्षांनी बाझेलमध्ये आलेक्झांडर क्लाव्हेल याने कृत्रिम किरमिजी रंग तयार करायला सुरुवात केली. त्यातून पुढे मोठमोठे कारखाने उभे राहिले. त्याच्याही आधी सगळा युरोप आपल्याकडच्या छापील सुती कापडासाठी वेडा झाला होता. फ्रान्समध्ये त्या कापडाला 'इंदियेन' म्हणत. तिथल्या विणकरांच्या धंद्याला धक्का बसला, म्हणून १६८६ साली राजाने त्यावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत टिकली. तरी लोक चोरून घेतच होते. तेव्हा रंगाच्या नात्याने पाहिले, तर ठाणे आणि बाझेल यांचे सोयरपण पुष्कळ जुने आहे.

"त्याची नखे नेहमी निळी असत," बाई म्हणाल्या. "आमच्या लग्नाच्या फोटोतही ती तशीच आहेत."

मी बाबांना हे मराठीत सांगितले. बाबांनी आपले दोन्ही हात मेजावर ठेवले. नखे स्वच्छ होती. निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली होती. ते नखांकडे पाहत बोलू लागले. आई रोज रात्री त्यांच्या उशीवर जुने फडके टाकत असे, कारण केसांत बसलेली रंगाची पूड अभ्र्याला लागे. कधी पिवळी, कधी निळी. सकाळी आई अभ्रा पाहून सांगे, "काल पिवळा रंग होता ना?" एकदा ती माहेरी गेली होती. परत आल्यावर तिने अभ्रा पाहिला आणि चार दिवस कारखान्यात कोणकोणते रंग झाले ते बरोबर ओळखले. "माझ्यापेक्षा तिची नजर चांगली होती," बाबा म्हणाले. "या गोधडीतले रंग तिने जुळवलेत. मला विचारले नाही."

मी एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगत होतो. मध्ये एकदा मला थांबावे लागले. आईविषयी बाबा पहिल्यांदाच बोलत होते, आणि तेही सातासमुद्रापलीकडे, एका अनोळखी बाईसमोर. घरी आम्ही सगळ्यांनी किती प्रयत्न केले होते! मला थोडे वाईट वाटले, हे खरेच. पण तेव्हा वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. बाई पुढचे वाक्य ऐकायला थांबल्या होत्या.

मग बाई बोलल्या. १ नोव्हेंबर १९८६ ची रात्र. शहराबाहेर श्वाइत्सरहाले येथे सँडोझच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. पहाटे भोंगे वाजले. दारे-खिडक्या बंद करा, घराबाहेर पडू नका, असे रेडिओवरून सांगण्यात आले. शहरभर नासलेल्या अंड्यांसारखी दुर्गंधी पसरली. आग विझवण्यासाठी मारलेले पाणी कीटकनाशके आणि रंग घेऊन ऱ्हाईनमध्ये गेले आणि नदी लाल झाली. खाली कितीतरी मैलांपर्यंत मासे मेले. यजमान कामावर होते आणि दुपारपर्यंत त्यांचा काही निरोप नव्हता. "ते घरी आले, हात धुतले आणि त्या दिवशी आम्ही दोघेही जेवलो नाही," एवढेच बाई म्हणाल्या. त्यानंतर ऱ्हाईनच्या काठच्या देशांनी १९८७ साली एकत्र येऊन नदी शुद्ध करण्याचा कार्यक्रम ठरवला. आज बाझेलची माणसे उन्हाळ्यात संध्याकाळी कपडे जलरोधी पिशवीत बांधतात आणि प्रवाहाबरोबर पोहत घरी जातात. आम्ही ते स्वतः पाहिले.

बाबा म्हणाले, "आमच्या खाडीत निवटे मिळत, चिंबोऱ्या मिळत, कोळंबी मिळे. माझ्या डोळ्यांदेखत कमी झाले." मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "माझ्या पोटाला ज्या धंद्याने भाकर दिली, त्याच धंद्याने खाडीतले हे घेतले. दोन्ही खरे आहे. हे त्यांना सांग." मी सांगितले. बाईंनी मान डोलावली. त्यांना ते समजावून सांगावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बाबांनी उत्तरेच्या खिडकीशी उभे राहून दोरा निवडला. आदल्या रात्री हुबेहूब वाटलेले रीळ त्यांनी बाजूला ठेवले आणि जरा मळकट दिसणारे दुसरे उचलले. तेच बरोबर होते. बाईंनी दोन संध्याकाळी बसून किनार शिवली. आईचा टाका लांब आणि थोडा तिरपा होता. बाईंनी तो निरखून पाहिला आणि तसाच घातला.

निघताना बिलात काढ्याचे, गरम पाण्याच्या पिशवीचे किंवा दोऱ्याचे पैसे नव्हते. बाबांनी विचारले, तर बाई म्हणाल्या, "चहाचे पैसे मी तुम्हांला कुठे दिले?" बाबांनी उरलेली चटणीची बरणी त्यांच्या हातात दिली. 'मेर्सी' आणि 'आदिए' हे दोन्ही शब्द त्यांनी नीट उच्चारले. मग त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि बाईंनी हात पुढे केला. थोडा गोंधळ होऊन शेवटी दोन्ही झाले.

परतल्यावर बाबा पूर्वीसारखे गप्पिष्ट झाले असे मी म्हणणार नाही. ते मुळात गप्पिष्ट कधीच नव्हते. पण संध्याकाळी नातवंडांना ते नावेची गोष्ट सांगू लागले. दोरा, खडू आणि कागदाची होडी घेऊन न्हाणीघरात त्यांनी ती चालवूनही दाखवली. आईचे नाव घरात पुन्हा ऐकू येऊ लागले. माझ्या बायकोने गोधडी धुवायला मागितली, तेव्हा बाबा म्हणाले, "धू, पण सावलीत वाळव. उन्हाने दोऱ्याचा रंग उडेल."

दर नव्या वर्षी बाईंचे एक पोस्टकार्ड येई. मार्च २०२० मध्ये जगभर टाळेबंदी सुरू झाली. आमच्या बाळकुमलाच ठाणे महापालिकेचे मोठे कोविड रुग्णालय उभे राहिले आणि रात्रंदिवस रुग्णवाहिकांचे भोंगे ऐकू येऊ लागले. तिकडे नऊ खोल्यांच्या त्या हॉटेलात महिनोन्‌महिने पाहुणा नव्हता. मोठी हॉटेले कशीबशी तग धरतात. लहानांना ते जमत नाही. पुढच्या वर्षी बाईंच्या मुलाचे पत्र आले. आई बरी आहे, आता बहिणीजवळ राहते; हॉटेल आम्ही बंद केले; खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या. बाझेलचे विद्यापीठ १४६० सालचे आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांची तिथे वाण नाही. पत्राबरोबर एक लहान पुडके होते. त्यात ६ आकड्याचा पितळी बिल्ला होता. किल्ली नव्हती, कारण कुलपे बदलली होती.

बाबांनी बिल्ला चिंचेने घासून लख्ख केला. मला वाटले, ते तो कपाटात जपून ठेवतील. पण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या खोलीची किल्ली आमच्याकडे सारखी हरवत असे. बाबांनी तो बिल्ला तिला अडकवला. आता ती हरवत नाही. पाणी सोडायची वेळ झाली, की धाकटा नातू ओरडतो, "आजोबा, सहा नंबर द्या!" आणि बाबा खिडकीजवळच्या खिळ्यावरून किल्ली काढून देतात.